डाव्या हाताचा अ

कोरियन लिपी जाहीर झाली १४४६ साली. ती समजावून सांगणारं पुस्तक राजा सेजोंगच्या पंडितांनी तेव्हाच लिहिलं. त्याच्या शेवटी जोंग इन-जी हे दरबारी विद्वान म्हणतात, की शहाणा माणूस ही अक्षरं सकाळ सरायच्या आत शिकेल आणि मूर्खालाही दहा दिवस पुरे होतील.

मला पाच आठवडे लागले. तेही फक्त दहा स्वरांना.

आता गंमत अशी की मी ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवलंय. जावळी तालुक्यातल्या पोरांचा हात हातात धरून ग, म, भ, न गिरवून घेतलाय. "एवढं सोपं येईना होय रे तुला?" हे वाक्य किती पोरांच्या डोक्यावर आदळलं असेल, हिशेब नाही. ती पोरं आता कुठे कुठे असतील. त्यांच्यापैकी कुणी हे वाचत असेल तर त्याने आज पोटभर हसून घ्यावं.

लेक-जावई दक्षिण कोरियात, सुवॉनला असतात. नातू पाच वर्षांचा, तिथल्याच बालवाडीत जातो. त्याचं मराठी घरापुरतं, बाकी दिवसभर कोरियन. फोनवर रंगात आला की त्याची गाडी मधेच कोरियनवर जाते आणि मी नुसती "हं, हं" करत बसते. सप्टेंबरमध्ये जायचं ठरलं तेव्हा लेकीला म्हटलं, "अगं, बसवरची पाटी तरी वाचता आली पाहिजे मला." ती म्हणाली, "आई, स्वरांपासून सुरू करू. दहाच आहेत." दहाच!

शिकवणी रोज व्हिडिओ कॉलवर. इकडे साताऱ्यात साडेपाच, तिकडे रात्रीचे नऊ. गणिताची चौकटीची वही आणली, कारण तिथली पोरंही एका चौकटीत एक अक्षर असंच गिरवतात म्हणे.

तुम्हीही एक पेन्सिल घ्या. मी इथे कोरियन अक्षर छापणार नाही, तोंडी सांगते तसं काढा. एक उभी रेघ, म्हणजे उभा माणूस. एक आडवी रेघ, म्हणजे जमीन. आणि एक ठिपका, म्हणजे आभाळ. सगळे स्वर या तिघांतून निघतात. ठिपका पुढे ब्रशने लिहिता लिहिता आखूड रेघ होऊन गेला, म्हणून आज आपल्याला रेघाच दिसतात. उभ्या रेघेला मधोमध उजवीकडे आखूड रेघ जोडली की 'आ', पण आपल्यापेक्षा तोकडा. डावीकडे जोडली की... ते थांबा, त्याच्यावर येतेच. आडव्या रेघेच्या डोक्यावर आखूड रेघ उभी केली की 'ओ', खाली लोंबवली की 'उ'. हे झाले चार. प्रत्येकाला आखूड रेघ एकाऐवजी दोन दिल्या की आत 'य' शिरतो: या, यो, यु आणि तो राहिलेला एक. आठ झाले. नुसती उभी रेघ 'इ', नुसती आडवी रेघ हा एक वेगळाच प्राणी. दहा.

पहिल्या दिवशी मी लेकीला म्हटलं, ज्याने हे केलं तो माणूस पहिलीला शिकवायला हवा होता. आपल्याकडे 'इ'चं 'उ'शी आकाराचं काही नातं नाही, 'ए'चं 'आ'शी नाही. पोरांनी नुसतं पाठ करायचं. इथे आवाज बदलतो तशी रेघ सरकते. मी त्यांना नावंच ठेवली: उजव्या हाताचा, डाव्या हाताचा, डोक्यावरचा, पायाखालचा. लेक हसली, पण नातवाला फार आवडलं. तो उभा राहून एकेक हात बाहेर काढून दाखवायला लागला.

लिहिण्यात मात्र माझ्या हाताने दगा दिला. नियम दोनच: डावीकडून उजवीकडे, वरून खाली. म्हणजे उजव्या हाताच्यात आधी दांडी, मग हात. डाव्या हाताच्यात आधी हात, मग दांडी. आपण काना शेवटी ओढतो, त्यामुळे डाव्या हाताचा माझ्या हाताला लगेच मानवला. उजव्या हाताचा काढताना मात्र आधी काना ओढून बसायचं आणि मग त्याला पुढे काहीतरी चिकटवायचं, हे घराचं दार लावून मग उंबरा बसवल्यासारखं वाटायचं.

खरा घोळ शिरोरेघेचा. आठवड्याभराने लेकीने शब्द दिले. नुसत्या स्वरांचेही शब्द आहेत त्यांच्याकडे. काकडी म्हणजे 'ओइ'. दूध म्हणजे 'उयु'. मूल म्हणजे 'आइ'. (हा शेवटचा मी वाचला तेव्हा मला वाटलं मुद्दाम माझ्यासाठी 'आई' लिहून दिलंय. "आई नाही गं, मूल," लेक म्हणाली. तिच्या मांडीवर ते मूल पेंगत होतं.) मी काकडी दहादा लिहिली आणि वही कॅमेऱ्यासमोर धरली. लेक बघतच राहिली. "आई, 'ओउ' काय असतं?" बघते तर प्रत्येक शब्दाच्या शेवटच्या दांडीवर मी सवयीने रेघ मारून ठेवलेली. उभ्या रेघेवर शिरोरेघ दिली की जमिनीखाली लोंबणारी रेघ होते, म्हणजे चक्क पायाखालचा 'उ'. माझ्या दहाच्या दहा 'इ'ंचे 'उ' झाले होते. शिरोरेघ न देणाऱ्या पोरांच्या पाट्यांवर मी आयुष्यभर फुल्या मारल्या, आणि इथे मलाच माझ्या वहीवर दहा फुल्या माराव्या लागल्या.

त्या शब्दांत एक वर्तुळ असतं ते सांगायचं राहिलं. कोरियनमध्ये स्वर एकटा लिहीत नाहीत. व्यंजन नसेल तर त्याच्या जागी एक पूज्य काढतात आणि मग स्वर. उभ्या दांडीचे स्वर पूज्याच्या उजवीकडे बसतात, आडव्या रेघेचे खाली. हे मला समजावून सांगताना बरंच बोलावं लागेल असं लेकीला वाटलं होतं. मला लगेच कळलं. कारण माझ्या सासऱ्यांची जुनी पत्रं मी वाचलीत. ते सावरकरांच्या लिपिशुद्धीतले पक्के. 'अितके', 'अुद्या', 'अेक' असंच लिहायचे. म्हणजे इ, उ, ए यांना वेगळे आकार द्यायचेच नाहीत, 'अ' हा खुंटा ठोकायचा आणि त्याला काना-मात्रा-वेलांटी अडकवायची. आपण ओ आणि औ आजही तसेच लिहितो की. कोरियनमधलं ते पूज्य म्हणजे असाच खुंटा. सासरे असते तर म्हणाले असते, बघा, तिकडे पाचशे वर्षांपूर्वीच केलं.

तेच पूज्य अक्षराच्या तळाला बसलं की त्याचा 'ङ' होतो. आता पहिलीच्या बाईंना विचारा ङ काय चीज आहे. दरवर्षी एखादं पोरगं उठायचं, "बाई, ङ चा शब्द?" आणि बाई पहिलीतल्या पोराला 'वाङ्मय' सांगायच्या. सुवॉनला उतरल्यावर बघते तर प्रत्येक दुकानाच्या पाटीत, नदीच्या नावात, आडनावात ङच ङ.

आता डाव्या हाताचा.

तुम्ही कोरियाची राजधानी कशी म्हणता? आपल्या पेपरात कधी सेऊल असतं, कधी सोल. दोन्ही इंग्रजी स्पेलिंग वाचून आलेले. इंग्रजीत हा स्वर लिहायला अक्षरच नाही, म्हणून रोमन स्पेलिंगात दोन अक्षरं मिळून तो एक स्वर लिहितात, आणि आपण ती जोडी चुकीच्या जागी तोडली. खरा शब्द दोन चौकटींचा: स ला डाव्या हाताचा, मग 'उल'. सॅमसंगच्या शेवटी हाच स्वर (त्याचा अर्थ तीन तारे). ह्युंदाईत त्याचाच 'य'वाला भाऊ आहे. ते लोक 'ह्यु' म्हणत नाहीत आणि 'दाई' तर मुळीच नाही. वर ज्यांचं नाव घेतलं त्या जोंग पंडितांच्या आडनावातसुद्धा हाच. मी 'जो' लिहिलंय ते नाइलाज म्हणून.

मी वहीच्या समासात प्रत्येक कोरियन अक्षरापुढे देवनागरी लिहून ठेवायची. डाव्या हाताच्यापुढे पहिल्या दिवशी 'ओ' लिहिलं. लेक म्हणाली, तो वेगळा आहे. खोडून 'ऑ' केलं. तरी नाही. 'अ' केलं, ती म्हणाली जवळ आलीस, पण हा अ नाही. मग मी 'अ'वर चंद्र काढला, 'अ'च्या खाली टिंब दिलं, समास पार काळा झाला. मी वैतागून म्हटलं, "तू नीट म्हणतच नाहीयेस." तिने पुन्हा म्हटलं. मला पुन्हा एकदा 'ऑ' ऐकू आलं, दुसऱ्यांदा 'अ'. ती एकच म्हणत होती आणि मला दोन ऐकू येत होते.

ळ आणि ल चुकवणाऱ्या एका पोराला मी कशी झापली होती ते तेव्हा आठवलं. घरी वेगळी बोली बोलणारं पोर. "ऐक नीट, ळ, ळ!" ते बिचारं नीटच ऐकत होतं.

नुसत्या आडव्या रेघेचा स्वर तुलनेने लवकर बसला, कारण तिथे समासात लिहायला काहीच नव्हतं. लेक म्हणाली, "उ म्हणत राहा आणि आवाज न बदलता ओठ गोल सोडून हसल्यासारखे ताण." आरशासमोर केलं. भरलेली कळशी उचलताना दाताआडून जो आवाज निघतो ना, तोच. तो त्यांना पदोपदी लागतो, कारण जोडाक्षर त्यांच्या तोंडात बसत नाही. आपली म्हातारी माणसं स्टेशनला 'इस्टेशन' म्हणायची, स्कूलला 'इस्कूल'. पुढे एक इ टेकू द्यायची. ते लोक हा आडवा स्वर मधे किंवा शेवटी कोंबतात. आइस्क्रीमच्या पाच चौकटी होतात, त्यांतल्या दोन ह्या आडव्या रेघेच्या. बस हा शब्द दोन चौकटींचा: पहिल्यात डाव्या हाताचा, दुसऱ्यात आडवी रेघ. म्हणजे मला ज्यासाठी शिकायचं होतं त्या बसमध्येच माझे दोन्ही वैरी शेजारी शेजारी बसलेले.

पाच आठवडे झाले. दहाही लिहायला यायला लागले, नऊ म्हणायला. तेवढ्या भांडवलावर विमानात बसले.

सुवॉनला जुन्या तटबंदीच्या आतून एक ओढा वाहतो. तो जिथून आत येतो तिथे दगडी कमानींचा दरवाजा आहे, सात कमानी, खालून पाणी आणि वर बसायला मंडप. संध्याकाळी नातवाला घेऊन मी तिथे जायची. त्याचा कार्यक्रम ठरलेला: खडे गोळा करायचे आणि पाण्यात टाकायचे. खडा टाकला की म्हणायचा, "फोङदाङ!" एक दिवस त्याने दोन्ही हातांनी भलामोठा धोंडा ओढत आणला आणि ढकलून दिला. माझ्या साडीवर पाणी उडालं. आणि तो ओरडला, "फुङ..." आणि पुढे तो. डाव्या हाताचा. दाङ नाही, ते दुसरं. जबडा खाली सोडलेला, ओठ सैल, 'घर'मधला अ घशात मागे ओढून जाड केल्यासारखा.

मी म्हटलं, परत म्हण. "आधी दगड आण," तो म्हणाला. आणला. परत म्हणाला. खडा टाकून 'फोङदाङ', धोंडा टाकून ते दुसरं. मी शेजारी बसून तेच करत राहिले, खडा आणि धोंडा, खडा आणि धोंडा. आपल्याकडे खडा पडला तर डुबुक आणि धोंडा पडला तर धबाक होतं, तसंच हे. फक्त आपल्याला ते कुणी शाळेत शिकवत नाही.

रात्री लेकीला सांगितलं तर म्हणाली, "अगं हो, उजव्या हाताचा आणि डोक्यावरचा हे उजेडाचे स्वर, डाव्या हाताचा आणि पायाखालचा हे अंधाराचे. उजेडाचे हलके, लहान. अंधाराचे जड, मोठे." माणसाच्या उजवीला ठिपका म्हणजे पूर्वेला सूर्य, डावीला म्हणजे मावळतीला, असं ध्यानात ठेवायचं म्हणे. क्रियापदाची शेपटीसुद्धा या हिशेबाने बदलते: आधी उजेडाचा स्वर असेल तर पुढे 'आ', नाहीतर डाव्या हाताचा. मी म्हटलं, "हे पहिल्या दिवशी नाही का सांगायचं?" ती म्हणाली, "पहिल्या दिवशी तू समासात ओ लिहीत होतीस."

त्या रात्री खोडरबर घेऊन बसले आणि पाच आठवड्यांचा समास पुसून काढला. दुसऱ्या दिवसापासून त्या अक्षराकडे बघितलं की मला धोंडा दिसायचा, ओ-ऑ-अ काही दिसायचं नाही. नुसतं बघून तोंड आपोआप सैल पडायचं.

याचा अर्थ मी पास झाले असा नाही. त्याच आठवड्यात घराखालच्या कॉफीच्या दुकानात एकटीने ऑर्डर द्यायची हौस आली. कॉफीत पहिल्या चौकटीत डाव्या हाताचा आहे. मला पाठ होतं. काउंटरवरची मुलगी हसून बघायला लागली आणि घाईत माझ्या तोंडून डोक्यावरचा निघाला: "कोफि." मुलीने निमूट कॉफी केली, गुणाची पोर. पण माझ्या पायाशी नातू हसून हसून खाली बसला. 'कोफि' म्हणजे नाकातून येणारं रक्त. आजीने दुकानात जाऊन दोन हजारांच्या वर वॉन मोजून घोळणा फोडून मागितला होता. ही बातमी त्याने त्या दिवशी बालवाडीत, लिफ्टमध्ये आणि रात्री जेवताना अशी तीनदा सांगितली.

आणखी एक गोष्ट तो सुधारत राहिला. ऱ्हस्व-दीर्घ. माझ्या हाडात भिनलेलं, त्यामुळे दूध मागताना मी 'ऊयूऽ' म्हणायची. "आजी, तू गाणं का म्हणतेस?" त्यांच्या लिहिण्यात ऱ्हस्व-दीर्घ नाहीच. एक उ, विषय संपला. शुद्धलेखनाच्या वह्या तपासण्यात ज्या बाईचं निम्मं आयुष्य गेलं तिला हे ऐकून काय वाटलं असेल, विचार करा. उलट मी ज्यात हुशार तिथे माझी हुशारी वाया गेली. जोडस्वर धरून एकूण एकवीस होतात, त्यांत एक 'ॲ'सारखा आणि एक 'ए'. मी दोन्ही अगदी ठणठणीत वेगळे म्हणून दाखवले. लेक म्हणाली, "वा! पण इथे आता कुणी वेगळे म्हणत नाही." म्हणजे 'मी' आणि 'तू' हे दोन शब्द कानाला सारखेच व्हायला लागले, म्हणून बोलताना लोकांनी 'तू'चा स्वरच बदलून टाकला, 'नि' करून. लिहितात मात्र जुनंच.

नऊ ऑक्टोबरला तिथे लिपीची सुट्टी असते. हो, लिपीची! लेकीलाही सुट्टी होती म्हणून राजधानीला गेलो, राजवाड्यासमोर सेजोंग राजाचा सोनेरी पुतळा आहे तिथे. हातात पुस्तक घेऊन बसलेला राजा. हा दिवस पहिल्यांदा पाळला १९२६ साली, जपानी अंमलात, आणि तेव्हा त्याचं नाव होतं 'गाग्या'चा दिवस. कारण त्यांची बाराखडी सुरू होते गा, ग्या, मग डाव्या हाताचा ग... अशी. बाराखडी दिन म्हणा ना! दोन वर्षांनी नाव बदललं. मला जुनंच आवडलं. त्या पुतळ्यासमोर उभी राहून मी नातवाकडून गाग्या म्हणून घेतली आणि त्याच चालीत त्याला आपली का-कि-की-कु म्हणून दाखवली. त्याला चाल आवडली. परत येताना बसमध्ये सारखी तीच.

दुसऱ्या दिवशी दुधाचा खोका टेबलावर होता. वर चार चौकटी. मी चष्मा लावला, बोट ठेवलं आणि वाचलं: स ला डाव्या हाताचा, उल, उ, यु. राजधानीचं दूध! कुणी न सांगता वाचलेला पहिला शब्द. नातवाने मान हलवून पास केलं आणि म्हणाला, "आता मी." माझी वही ओढली आणि म्हणाला, मराठी दे.

'किती' दिलं. त्याने एका चौकटीत क काढला, त्याच्या उजवीकडे वेलांटी. पुढच्या चौकटीत त, उजवीकडे वेलांटी. शिरोरेघ अर्थातच नाही. माझ्या हातात पेन्सिल होतीच, मी पहिल्या वेलांटीवर फुली मारली आणि ती क च्या डावीकडे काढून दाखवली. त्याने वही फिरवून फिरवून बघितली.

"आजी, तू तोंडाने आधी क म्हणतेस. मग इ."

"हो."

"मग हाताने इ आधी का?"

३१ वर्षं आणि प्रत्येक वर्गात तीस-चाळीस पोरं, एकानेही हे विचारलं नव्हतं. कदाचित विचारलंही असेल आणि मी "ऐक नीट" म्हटलं असेल. मी चहा ठेवायला उठले. तो मागून ओट्यापाशी आला आणि परत म्हणाला, "आजी, का?"